‘नारायणगावकर’ : एका आडनावाची घडण आणि प्रसार



मागील घटकात आपण मराठीतील साधित शब्दांचा आणि प्रत्ययांचा परिचय करून घेतला. या घटकात एकाच शब्दाकडे सावकाश पाहायचे आहे. तो शब्द आहे ‘नारायणगावकर’. हे आडनाव फारसे आढळत नाही. मात्र तमाशाच्या क्षेत्रातील विठाबाई नारायणगावकर यांच्यामुळे ते महाराष्ट्रात बहुतेकांच्या कानांवरून गेलेले आहे. ज्या गावावरून ते आले ते नारायणगाव पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, मीना नदीच्या काठी, पुणे–नाशिक महामार्गावर आहे.

काही वर्षांपूर्वी याच परिसरातील एका संपर्कसत्रात मी विद्यार्थ्यांना विचारले होते, “नारायणगावात नारायणगावकर आडनावाची घरे किती असतील?” पहाटे टोमॅटोची गाडी बाजारात लावून सत्राला आलेले एक पन्नाशीचे विद्यार्थी म्हणाले, “सर, गावात नारायणगावकर कसा असेल? तिथे आम्ही सगळेच नारायणगावकर.” वर्ग हसला. मी मात्र त्या दिवशीची टिपणे बाजूला ठेवली आणि तासभर त्या एका वाक्यावरच बोललो. या घटकाचे विवेचनही त्या वाक्याभोवतीच फिरणार आहे.

१. शब्दाची घडण

‘आडनाव’ हा शब्दच आधी पाहा. आडवाट म्हणजे मुख्य वाटेच्या बाजूची वाट. आडगाव म्हणजे रहदारीच्या बाजूला पडलेले गाव. त्याच न्यायाने आडनाव म्हणजे मुख्य नावाच्या बाजूचे, जोडीचे नाव. आज अर्ज भरताना आपण आडनाव आधी लिहितो आणि नाव नंतर. त्यामुळे हा क्रम आपल्या ध्यानात राहत नाही.

‘नारायणगावकर’ या शब्दाचे तीन घटक सहज सुटे होतात : नारायण, गाव आणि कर. पहिल्या दोन घटकांचे मिळून ग्रामनाम होते. ‘गाव’ हा संस्कृत ‘ग्राम’ शब्दाचा वंशज आहे. ग्राम, गाम, गाँव, गाव अशी त्याची वाटचाल झाली. मधल्या अवस्थेत ‘म’चा ‘व’ झाला, पण जाता जाता तो आपला अनुनासिक उच्चार मागे ठेवून गेला. जुन्या मराठी लेखनात तो ‘गांव’ असा अनुस्वाराने दाखवीत असत. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी उच्चारात नसलेले असे अनुस्वार काढून टाकले. तरीही रोमी लिपीत हे आडनाव दोन प्रकारे लिहिलेले आढळते : काही जण ‘गावकर’ लिहितात, तर काहींच्या लेखनात मध्ये ‘न’ येऊन ‘गाओनकर’ असे रूप दिसते. तो ‘न’ चुकून आलेला नाही. ‘ग्राम’मधील ‘म’ची ती खूण आहे. पारपत्रावरील स्पेलिंग वेगळे म्हणून ही दोन वेगळी आडनावे मानू नयेत.

आता ‘कर’. हा प्रत्यय दिसायला सोपा, पण त्याचे मूळ सांगणे तितके सोपे नाही. अनेक विद्यार्थी तो ‘करणारा’ या अर्थाचा समजतात आणि दिनकर, प्रभाकर यांच्या पंगतीला बसवतात. दिनकर म्हणजे दिवस करणारा, हे ठीक. परंतु नारायणगावकर काही नारायणगाव ‘करत’ नाही. येथे अर्थ संबंधाचा आहे : त्या गावाचा, त्या गावाशी नाते असलेला. बाराव्या शतकातील हेमचंद्राने अपभ्रंशाच्या व्याकरणात ‘संबंधी’ या अर्थाचे ‘केर’ आणि ‘तण’ असे दोन शब्द नोंदवले आहेत. ‘कर’चे नाते या ‘केर’शी जोडण्याकडे माझा कल आहे, आणि त्यामागे एक ध्वनिविषयक कारणही आहे. प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘क’ बहुधा गळून पडतो. कुंभकाराचा कुंभार आणि सुवर्णकाराचा सोनार झाला तो असा. ‘कर’मधील ‘क’ मात्र शाबूत आहे. म्हणजे हा घटक बराच काळ स्वतंत्र शब्द म्हणून वावरला असावा आणि नंतर ग्रामनामाला चिकटला असावा.

ग्रामनामाला ‘कर’ जोडताना काय बदल होतो तेही पाहण्यासारखे आहे. मंचर, जुन्नर, बेल्हे, आळे यांच्यापुढे तो तसाच येतो : मंचरकर, जुन्नरकर, बेल्हेकर, आळेकर. ओतूरमधील दीर्घ ‘तू’ ऱ्हस्व होऊन ओतुरकर असे रूप होते. जुनी मंडळी ते दीर्घही लिहीत. सातारा या नावात वेगळाच प्रकार घडतो. विभक्तिप्रत्यय लागताना आपण ‘साताऱ्याचा’ असे सामान्यरूप करतो. पण ‘साताऱ्याकर’ असे कोणी म्हणत नाही, ‘सातारकर’च म्हणतो. यावरून ‘कर’ हा विभक्तिप्रत्यय नव्हे, शब्द साधणारा प्रत्यय आहे, हे स्पष्ट व्हावे.

आणखी एक भेद. ‘पुणेकर’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. ‘पुणेकर दुपारी झोपतात’ या चेष्टेच्या वाक्यात ते सामान्यनाम आहे. त्याचे बोलीत ‘पुणेकरीण’ असे स्त्रीलिंगी रूपही होते. आडनाव झाल्यावर मात्र शब्द गोठतो. आपण ‘विठाबाई नारायणगावकर’ म्हणतो, ‘विठाबाई नारायणगावकरीण’ म्हणत नाही. लिंगानुसार बदलण्याचे थांबणे ही एखादे वर्णन आडनाव झाल्याची चांगली खूण आहे. संपर्कसत्रातील त्या विद्यार्थ्यांचे ‘आम्ही सगळेच नारायणगावकर’ हे पहिल्या अर्थाचे होते, आणि माझा प्रश्न दुसऱ्या अर्थाचा होता.

२. गावावरून माणूस : जुन्नरचा जुना पुरावा

माणसाची ओळख त्याच्या गावावरून सांगण्याची रीत या तालुक्याला नवी नाही. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी आणि तुळजा येथे जी बौद्ध लेणी आहेत, त्यांत ब्राह्मी लिपीतील प्राकृत दानलेख आहेत. लेण्याद्रीच्या सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे तेथील चैत्यगृहात, दात्याचे नाव सुलसदत असे दिले आहे. त्याची ओळख सांगताना तो हेरणिकाचा पुत्र आणि कल्याणचा, असे म्हटले आहे. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा. कल्याण म्हणजे नाणेघाट उतरून कोकणात गेल्यावर लागणारे जुने बंदर.

हा लेख जुन्नरला आहे म्हणून त्यात ‘कल्याणचा’ असे लिहिले आहे, हे लक्षात घ्या. कल्याणात बसून कोणी आपल्याला कल्याणचा म्हणवून घेतले नसते.

मानमोडीच्या लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याची नोंद आहे. त्याची ओळख राजाच्या नावाने, पदाने आणि वत्स गोत्राने दिली आहे. लेखात वर्ष ४६ असे कोरलेले आहे. जुन्नरच्याच इतर लेखांत इरिल आणि चिट हे दोन दाते स्वतःला ‘यवन’ म्हणवतात. एकाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, दुसऱ्याने भोजनमंडप. गाव, बापाचा व्यवसाय, पद, गोत्र, परका समूह : आज आपल्याकडील आडनावे ज्या मुख्य आधारांवर उभी आहेत ते बहुतेक सर्व येथे आहेत. अर्थात ही आडनावे नव्हेत. सुलसदताच्या मुलाने ‘कल्याणचा’ ही ओळख पुढे चालवली असे मानायला काही आधार नाही. ओळख आणि वंशपरंपरेने चालणारे आडनाव यांतील हे अंतर विसरून या लेखांना ‘मराठी आडनावांचा उगम’ म्हणणे घाईचे होईल.

पेशवाईपर्यंत आल्यावर ‘कर’ पक्का रुळलेला दिसतो. पहिल्या बाजीरावाची पत्नी काशीबाई यांचे माहेर चासकर जोशी. चास हे गाव आंबेगावला लागून असलेल्या खेड तालुक्यात आहे. ‘जोशी’ हे वृत्तीचे नाव आणि ‘चासकर’ हे गावाचे. जोशी अनेक होते म्हणून कोणते जोशी हे सांगायला गाव जोडावे लागले. आंबेगाव तालुक्यात आजही वळसे पाटील, आढळराव पाटील अशी जोडनावे सुपरिचित आहेत. त्यांत दुसरा शब्द वतनाचा आहे. नीराकाठच्या होळ गावावरून होळकर झाले, पण ते नाव गाजले इंदूरला. आणि इतिहासकार रा. वि. ओतुरकर यांचे नाव आपण जोडतो ते पुण्याच्या विद्याक्षेत्राशी, ओतूरशी नव्हे.

तेव्हा ‘कर’ हा प्रत्यय गावात राहणाऱ्याला लागत नाही, गावाबाहेर पडलेल्याला लागतो. तो लावणारेही बहुधा दुसऱ्या गावचे लोक असतात.

३. खुडे, मांग, नारायणगावकर

आता आपल्या मुख्य उदाहरणाकडे येऊ. विठाबाईंचे वडील आणि चुलते, भाऊ आणि बापू, यांचा तमाशाचा फड होता. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव खुडे. फड मात्र ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने गाजला. विठाबाईंचा जन्म १९३५ सालचा आणि तोही पंढरपूरचा. त्या वडिलांच्या फडात वाढल्या, पुढे स्वतःच्या फडाच्या मालकीण झाल्या, आणि ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ हे नाव महाराष्ट्रभर गेले. १९५७ आणि १९९० साली त्यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. राज्य शासनाने २००६ पासून त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

या नावाची फोड करा. ‘विठाबाई’ हे स्वतःचे नाव. ‘भाऊ’ हे वडिलांचे. लग्नानंतर स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव यावे, हा पांढरपेशा समाजाचा नियम येथे चाललेला नाही, कारण फड वडिलांचा होता आणि ओळख फडाची होती. ‘मांग’ हे जातीचे नाव. ‘नारायणगावकर’ हे गावाचे. या चार पदांत ‘खुडे’ कोठेच नाही! जे आडनाव गावाच्या दप्तरात असायचे ते रंगमंचावर आलेच नाही, आणि जे रंगमंचावर आले तेच पुढे आडनाव म्हणून उरले.

हे एकट्या विठाबाईंचे नाही. सांगली जिल्ह्यातील कवलापूरचे काळू-बाळू हे मूळचे खाडे. तमाशात ते कवलापूरकर. लावणीगायिका यमुनाबाई वाईकर, ज्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, त्यांचे माहेरचे आडनाव जावळे. कांताबाई सातारकर आणि रघुवीर खेडकर ही तर आई आणि मुलगा. आईच्या नावात सातारा, मुलाच्या नावात खेड, आणि दोघांच्या फडाचे बिऱ्हाड संगमनेरला. एका घरात तीन गावे नांदत होती. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांच्या फडाच्या नावात ‘करवडीकर’ आहे. करवडी हे गाव कराडजवळचे. म्हणजे ‘नारायणगावकर’ मुलीकडे आपोआप गेले नाही. नवा फड, नवे गाव, नवा ‘कर’.

याचे कारण तमाशाच्या व्यवहारात आहे. फड वर्षातील बराच काळ फिरतीवर. यात्रेच्या हंगामात गावोगावचे पंच येऊन सुपारी देतात, म्हणजे खेळ ठरवून विसार देतात. यासाठी गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात; म्हणूनच या गावाला तमाशापंढरी म्हणतात. सुपारी द्यायला आलेल्या माणसाला फडमालकाचे कुळनाम ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला हवा असतो फडाचा ठावठिकाणा आणि लौकिक. ‘कर’ त्याला दोन्ही एका शब्दात देतो. व्यापारी ज्याला छाप म्हणतात ते काम येथे ग्रामनाम करते.

यापुढचा मुद्दा नाजूक आहे. तो टाळून पुढे जाणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. फडाच्या नावातील ‘मांग’ हा शब्द आज आपण ‘मातंग’ असा लिहितो. कलावंताच्या नावात जात का असावी? गावगाड्यात दलित माणसाची ओळख आधी जातीने केली जाई. त्याचे कुळनाम विचारण्याची गरज वरच्या मंडळींना वाटत नसे. ब्राह्मण किंवा मराठा फडमालकाच्या नावात त्याची जात अशी उघड लिहिलेली सहसा दिसत नाही. तेव्हा हा शब्द बाहेरून लादलेला होता यात शंका नाही. पण भाऊ-बापूंनी तोच शब्द आपल्या फडाच्या फलकावर लिहिला, आणि त्या फलकाखाली तिकीट काढून सर्व जातींचे लोक बसले, हेही तितकेच खरे आहे. लादलेला शब्द त्यांनी लौकिकाचा केला.

पुढे शासकीय पुरस्काराच्या नावात ‘विठाबाई नारायणगावकर’ एवढेच राहिले. काही अभ्यासकांना हा सन्मान वाटतो, काहींना ते पुसून टाकणे वाटते. माझे मत विचाराल तर पुरस्काराचे नाव आहे तसे असावे, परंतु अभ्यासकाने लिहिताना पूर्ण नाव एकदा तरी द्यावे. जातीचे पद गळल्याने ‘नारायणगावकर’ हे आडनाव सर्वांसारखे झाले, हा त्याचा लाभ आहे. त्याच वेळी कोणत्या वाटेने ते सर्वांसारखे झाले हे वाचकाला कळेनासे झाले, हा तोटा आहे. ‘कर’ प्रत्यय जात सांगत नाही. या एका गुणामुळे अनेक कुटुंबांनी जातीवाचक किंवा चेष्टेचे नाव सोडून ग्रामनाम स्वीकारले आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरातही असे घडले असेल.

४. प्रसार कसा वाचावा

‘नारायणगावकर’ हे आडनाव आज कोठे आढळते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना नवशिका अभ्यासक नकाशावर नारायणगाव शोधतो आणि त्याभोवती वर्तुळ काढतो. खुडे, डुंबरे, बाणखेले अशा कुळनामांसाठी हे काही अंशी चालेल. त्या कुळांचा विस्तार मूळ ठिकाणापासून हळूहळू पातळ होत जातो. ‘कर’ असलेल्या नावाचे चित्र उलटे असते. मध्यभागी, म्हणजे खुद्द गावात, पोकळी. आणि दाटी असेल तर ती पुणे, मुंबई यांसारख्या ठिकाणी, जेथे गावाबाहेर पडलेले लोक पोहोचले. गावात या आडनावाचे घर आढळलेच तर ते बहुधा बाहेर जाऊन परत आलेल्यांचे असते. फडामुळे नाव मिळालेले घर या प्रकारात मोडते. आडनावाचा असा नकाशा वस्तीचा नसतो, प्रस्थानाचा असतो.

दुसरी सावधगिरी. सारखे आडनाव म्हणजे एक कुळ, हा समज ‘कर’बाबत अजिबात टिकत नाही. एकाच गावातून निरनिराळ्या काळी निघालेला जोशी, सोनार, तांबोळी आणि कलावंत हे चौघेही परगावी नारायणगावकर होऊ शकतात. त्यांच्यात रक्ताचे नाते नाही, सोयरीक नाही. फक्त वेस एक. उलट एकाच कुळातील दोन भावांची आडनावे वेगळी होऊ शकतात. म्हणून या आडनावाची वंशावळ काढू नये; घराघराचा स्वतंत्र वृत्तांत घ्यावा.

तिसरी सावधगिरी गावांच्या नावांची. पारनेर तालुक्यात नारायणगव्हाण नावाचे गाव आहे. बोलण्यात आणि घाईच्या लेखनात या दोन नावांची गल्लत सहज होते.

आणि कधी कधी गावच नाहीसे होते. आंबेगाव तालुक्याचे नाव ज्या गावावरून पडले ते जुने आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. तालुक्याचे मुख्यालय घोडेगावला आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुनी देवळे उघडी पडतात. एखादे घराणे ‘आंबेगावकर’ असेल तर त्याच्या आडनावातील गाव आता वर्षाचे बरेच महिने पाण्याखाली असते. शब्दातील ‘आंबेगाव’ मात्र कोरडेच आहे. ग्रामनामांच्या अभ्यासकाला अशी आडनावे कागदोपत्री पुराव्याइतकीच उपयोगी पडतात.

५. क्षेत्रकार्य

तुमच्या परिसरातील कोणतेही एक ‘कर’ असलेले आडनाव निवडा. शक्यतो ते स्वतःचे नसावे. स्वतःच्या घराबद्दल आपण फार लवकर समाधान पावतो. मतदार याद्या विधानसभा मतदारसंघानुसार मिळतात. जुन्नरचा क्रमांक १९५ आणि आंबेगावचा १९६. मात्र आंबेगाव मतदारसंघात शिरूर तालुक्यातील काही गावेही येतात, तेव्हा मतदारसंघ आणि तालुका एक समजू नका. ‘गाव’ आणि ‘गांव’ ही दोन्ही लेखने शोधा. मूळ गावाच्या यादीत हे आडनाव किती वेळा येते आणि शेजारच्या शहराच्या एका प्रभागात किती वेळा, हे मोजून शेजारी शेजारी लिहा.

त्यानंतर त्या आडनावाच्या एखाद्या घरी जा. ‘तुमचे आडनाव काय?’ असे विचारू नका, ते तुम्हाला माहीतच आहे. ‘गावी तुम्हाला काय म्हणत?’ असे विचारा. घरात वृद्ध बाई असतील तर हा प्रश्न आधी त्यांना करा; सासरी आल्यावर नवे आडनाव शिकावे लागलेल्या माणसाला जुने चांगले आठवते. जात विचारू नका. कोणी आपण होऊन सांगितले आणि लिहायला संमती दिली, तरच लिहा, आणि अहवालात जिवंत व्यक्तींची नावे न देता ‘घर क्रमांक १’, ‘घर क्रमांक २’ असे म्हणा.

एखाद्या घरी तुम्हाला उत्तर मिळेल, “गावी आम्हाला कोणी या नावाने ओळखत नाही.” ते उत्तर जसेच्या तसे, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या आणि अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा.